कुलपाआडची करवत

चालू.

"दाराला कुलूप, किल्ली मामांच्या खिशात, आणि आत करवत फिरतेय! भुताटकी!" कुंपणावरून शेजारचा लंबू ओरडला.

"भुतं दुपारी झोपतात," त्याची धाकटी बहीण बुटकी म्हणाली.

ठमी खिडकीच्या गजांना नाक लावून बघत होती. आत कोणीही नव्हतं!

बंद. (थोडं मागे.)

आई हॉस्पिटलात, बाबा आईपाशी, म्हणून ठमी सुट्टीत मामाकडे. मामाच्या लाकडाच्या कारखान्यात करवत दिवसभर किंचाळायची. बोलायला कोणाला सवड नव्हती. ठमी भुशात बोटाने एकटीच फुली-गोळा खेळायची. दोन्ही बाजूंनी तीच. तरी हरायची.

तिचं ऐकायचे फक्त सुतारकाका. खरं तर त्यांना ऐकू फार कमी यायचं. पण ती बोलायला लागली, की रंधा खाली ठेवून ते तिच्या तोंडाकडे बघायचे.

या आठवड्यात तीनदा मामा बाहेरून परतला, तर रिकाम्या कारखान्यात करवत चालू! दुपारी तिथे काका एकटेच असायचे.

"तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून बंद करायची राहते. एखाद्याचा हात जायचा! आजपासून पुरे, काका," मामा सकाळी म्हणाला आणि कुलूप लावून कामाला गेला.

"मी बंद केली होती," एवढंच काका बोलले. आता हत्यारांची पिशवी घेऊन ते पायरीवर बसले होते. मामा परतला, की निघायचं.

उद्यापासून ठमीकडे बघणारं कोणी नाही.

चालू.

"करवत फिरायच्या आधी दिवा लुकलुकला. तीनदा!" ठमी म्हणाली. "म्हणजे चहा!"

"चहा?" लंबूने डोकं खाजवलं.

करवतीपुढे हाक ऐकू जात नाही. म्हणून मामी स्वयंपाकघरातल्या बटणाने कारखान्यातला दिवा लुकलुकवायची. दोनदा म्हणजे कोणीतरी आलंय, तीनदा म्हणजे चहा. त्याच दिव्याचं दुसरं बटण कारखान्याच्या दाराशी होतं.

तिघं स्वयंपाकघरात घुसली.

"मामी, करवत ऐकू येतेय?"

"ती कधी नसते गं?" मामी चहा गाळत म्हणाली. कुलपाचं तिला ठाऊकच नव्हतं.

"बटण दाब! एकदाच!"

खट्. करवत गप्प.

"अगं बाई!"

"आता दोनदा!"

खट्, खट्. करवत गुरगुरली आणि थांबली.

"तीनदा!"

खट्, खट्, खट्. करवत सुरू!

"दोन खटक्यांत जसंच्या तसं. तिसऱ्यात उलटं!" बुटकीने टाळी वाजवली. "मोटर दिव्यालाच जोडलीय! काका बंद करून बाहेर पडायचे, आणि मग मामींचा चहा ती सुरू करायचा!"

बाहेर मामाचा आवाज चढला. "काका, आजही? कुलूप कोणी उघडलं?"

ठमी धावत मध्ये उभी राहिली. "मामा, किल्ली कुठेय?"

मामाचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

बंद.

कोपऱ्यावरचा वायरमन आला. "तुम्हीच म्हणालात, एका बटणात मोटर आणि दिवे हवेत, वायरही कमी लागली पाहिजे. मागच्या आठवड्यात मोटर घेतली दिव्याच्या लाइनवर! तुमच्या चहाचं मला कोण सांगणार?"

"माझंच चुकलं," मामा म्हणाला. "मोटरचं बटण वेगळं करा. आजच! शाबास रे पोरांनो! आणि ठमे, तुझं डोकं तर..."

ठमीने पुढचं ऐकलंच नाही. पायरी रिकामी होती.

एवढा गलबला झाला, पण काकांना कोणीच काही सांगितलं नव्हतं. मामा परतला होता. ठरल्याप्रमाणे ते निघाले होते.

चालू.

रस्त्याच्या टोकाला एक वाकलेली पाठ. हाक मारून काय उपयोग? ठमी धावली, त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि धापा टाकत सगळं सांगितलं. काकांनी पिशवी खाली ठेवली आणि ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

मागून मामा पोचला. "काका, मी चुकलो!"

काका गप्प.

"चुकलो मी!" मामा त्यांच्या कानाशी ओरडला. दोन खिडक्या उघडल्या.

काका गप्पच.

"काका! साफ चुकलो!"

"अरे, पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं," काका म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बरं वाटत होतं ऐकायला."

लंबू-बुटकी खो खो हसली. मामाही. ठमीला मात्र हसता हसता रडू आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तिने ती जड पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि ती सगळ्यांच्या पुढे चालू लागली.