शकूच्या नावाच्या गोळ्या

ब्याऐंशी सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. भाताची झोडणी उरकली होती आणि गोदा सुकट आणायला म्हणून कर्जतला निघाली होती. घरात सुकट नव्हती हे खरंच. पण का नव्हती, तर उरलीसुरली गोदानंच मांजरापुढे टाकली होती. महिन्यातून एकदा कर्जतला जायला काहीतरी निमित्त लागायचं. मागच्या खेपेला दाढ दुखली होती, त्याआधी बांगड्या वाढल्या होत्या. एरवी ही बाई साधी. पण पोटात भीती असली की माणसाला खोटं आपोआप सुचतं.

तिच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, रुपयाएवढा फिकट चट्टा होता. तिथं पाणी कढत पडलं की गार, ते तिला कळायचं नाही. शेजारच्या गावातल्या मोतीबाईला हाच महारोग निघाला तेव्हा घरच्यांनी तिला शेताच्या कडेला खोपी घालून दिली. भाकरी बांधावर ठेवायचे आणि मागं फिरायचे. तिची पोरं लांबूनच आईकडं बघायची. गोदालाही दोन पोरं होती. खरं सांगायचं तर तिला रोगाची भीती कमी आणि त्या बांधावरच्या भाकरीची जास्त होती. म्हणून तिनं नवरा विठू, सासू धोंडूबाई, कुणापुढेच ब्र काढला नव्हता.

कर्जतच्या सरकारी दवाखान्यात या रोगाच्या गोळ्या देणारा सहदेव म्हणून एक माणूस होता. पहिल्या दिवशी त्यानं नाव विचारलं, तेव्हा गोदानं रेशनकार्ड पुढं केलं आणि त्यातलं शेवटचं नाव सांगून टाकलं: शकू. शकू तिची नणंद. बिनलग्नाची, दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेलेली. साखर नि रॉकेल कमी होईल म्हणून तिचं नाव कार्डावरून कुणी काढलं नव्हतं. मेलेल्या माणसाला कोण खोपीत टाकणार आहे? गोदाला तेव्हा ही युक्ती फार हुशारीची वाटली. वर्षभर ती शकूच्या नावाला ओ देत होती, शकूच्या नावाच्या गोळ्या गिळत होती, आणि चट्टा हळूहळू आकसत होता.

त्या दुपारी दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात एक झोपलेला म्हातारा सोडला तर कुणी नव्हतं. आतून सहदेवनं हाक मारली, "शकूताई!"

गोदा वाकून चपला शोधत होती. तिनं तोंड उघडायच्या आत कुणीतरी ओ दिली. बारीक, पोरसवदा आवाज. गोदानं वळून बघितलं. म्हातारा घोरत होता.

आत गेल्यावर सहदेव म्हणाला, "बसा ताई. आज एक सांगायचंय. तुमची कार्डं आतापर्यंत या पेटीत होती. किल्ली माझ्या जानव्याला. पण वरून हुकूम आलाय. देशभरातल्या पेशंटांची नावं, गावं, रोग, सगळं दिल्लीला एका ठिकाणी लावून ठेवणार आहेत. तुमचंही गेलं मागच्या आठवड्यात."

"दिल्लीला? माझं नाव? आनि कुनी वाचलं तर?"

"ज्याला काम पडेल तो वाचेल." सहदेवनं नजर खाली घातली. त्यालाही ते रुचलेलं नव्हतं. "मी सगळ्यांना शब्द दिला होता ताई. आता माझ्या शब्दाला कोण विचारतो? आणि साहेब घरोघर येऊन खात्री करणार आहेत, हे माणूस खरंच आहे का म्हणून."

गोदानं हात जोडले. "ते नाव खोडा, दादा. पाया पडते तुमच्या."

"एकदा वर गेलेलं नाव मला खोडता येत नाही. माणूस मेलं तरच निघतं." त्यानं तिला पाठ फिरवून बसायला सांगितलं. "डोळे मिटा. पीस लावलेलं कळेल तिथं बोट ठेवा."

ही परीक्षा दर महिन्याची. कोंबडीचं पीस खांद्यावर, मानेवर फिरायचं आणि चट्ट्यावर आलं की गोदाला काहीच कळायचं नाही. आज डोळे मिटल्या मिटल्या तिला चट्ट्याच्या मधोमध स्पर्श कळला. गार, ओलसर. तिला इतका आनंद झाला की तिनं लगेच हात मागं नेऊन बोट ठेवलं. पुन्हा कळला, तिथंच. तिनं पुन्हा बोट ठेवलं.

मागं सहदेव पेटीत काहीतरी शोधत होता.

"कळतंय, दादा... आता समदं कळतंय."

"ताई," सहदेवचा आवाज दबका झाला होता, "पीस अजून माझ्या पेटीतच आहे..."

गोदा सुकट न घेताच परतली. गाडीतून उतरून पायवाटेला लागली तोवर माथेरानचा डोंगर काळा पडला होता आणि त्याची सावली गावापर्यंत पोचली होती. वारा नव्हता. कापलेल्या खाचरांतून ओल्या पेंढ्याचा आंबट वास येत होता आणि त्यात मध्येच माक्याच्या तेलाचा वास मिसळत होता. घरात माक्याचं तेल लावणारी एकटी शकूच होती. गोदा घाबरली, चांगलीच घाबरली. तिला वाटलं पळावं, पण पळायचं तर घराकडंच होतं.

धोंडूबाई अंगणात बसली होती. घरात दिवा लागलेला दिसत होता, आणि म्हातारी दाराकडं पाठ करून बाहेर गारठ्यात.

"आत्याबाय, हितं का बसल्या?"

"सायब आलता," धोंडूबाई म्हणाली. "दारात हुबा ऱ्हाऊन शकूला हाका मारत हुता. मी म्हननार, बाबा, माझी पोर मेली... तवर आतून ओ आली."

गोदानं दाराकडं बघितलं.

"सायब आत गेला. पाठ बगितली, गोळ्या दिल्या, हाय म्हनून लिवून घेतलं नि गेला. माझी नाय हिंमत झाली गं आत बघायची. पन माझ्या पोरीचा आवाज मी इसरंन का?" म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "मंग ती आतूनच माझ्याशी बोलली. म्हनाली, आये, माझं लगीन नाय झालं, पोर नाय झालं, मागं ऱ्हायलं ते एक नाव. वैनीनं त्याच्यावर रोग लिवला. पार दिल्लीपातूर."

"आत्याबाय... मला घराभाईर काढतील, म्हनून... पोरांसाठी केलं ओ मी..."

"मला सांगू नको. तिला सांग." धोंडूबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं. "आता वैनीची पाळी, तिच्या नावाला मी ओ देनार, म्हनत हुती."

एवढ्यात विठू गुरं घेऊन आला. मागं दोन्ही पोरं. शेजारच्या ओट्यावर चंद्राबाई नि तिच्या सुना तांदूळ पाखडत होत्या. गोदाला कळलं, आता लपवण्यात अर्थ नाही. विठूला बाजूला घ्यावं, त्याच्या एकट्याच्या कानात सांगावं, मग तो खोपीत ठेवो नाहीतर विहिरीत ढकलो. ती दोन पावलं पुढं झाली.

आणि घरातून आवाज आला. मोठ्यानं, पार आळीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"मी गोदा. मला म्हारोग झालाय. पाठीवर चट्टा हाय, वरीस झालं. मी समद्यांपासून लपवलं."

तो गोदाचाच आवाज होता. तिच्या हाक मारण्यातला हेल, शेवटच्या अक्षरावर दमणं, सगळं तिचं. अंगणात उभ्या गोदानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

चंद्राबाईच्या सुपातले तांदूळ सांडले. विठूच्या हातून दावं सुटलं. गोदा धावत त्याच्यापुढं गेली. "अवो... अवो, मी हितं हाय!" ती तिथं नसल्यासारखा विठू तिच्या बाजूनं निघून गेला. त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. पोरंही बापाच्या मागं धावली. धाकट्याचा खांदा तिच्या लुगड्याला घासला, पण त्यानं मान वर केली नाही. गोदानं वळून सासूकडं बघितलं, तर म्हातारीही उठून पदरानं डोळे पुसत त्यांच्या मागं चालली होती.

विठू उंबऱ्यात थांबला. आत दिव्याच्या उजेडात जे कुणी होतं त्याच्याकडं त्यानं बराच वेळ बघितलं. आता तो खोपीचं नाव काढेल, भांडी वेगळी करा म्हणेल, असं तिला वाटलं.

पण विठूचा आवाज इतका मऊ झाला होता, की लग्नानंतर तिनं तो कधी ऐकला नव्हता.

"गोदा... रडतीस कशाला, येडे? मी काय तुला टाकनार हाय का?"

तो आत गेला. पोरं आत गेली, म्हातारी आत गेली, आणि कुणीतरी हळूच दाराला कडी लावली.