लालीबाईंचे चाळीस फोटो

"माह्या कॅमेऱ्यातून काकी चोरीले गेली," निकिता राठोडने काळी बॅग टेबलावर ठेवली.

यवतमाळातले खासगी तपासनीस अश्वजित वानखडे सावरून बसले. त्यांचे मदतनीस घनश्याम यांनी वही उघडली.

निकिता दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची शिक्षिका. महिन्यापूर्वीच तिने पहिला मोठा कॅमेरा घेतला होता. रविवारी तिने काकीचे, म्हणजे लालीबाईंचे, आरसे जडवलेल्या पोशाखात चाळीस फोटो काढले. मंगळवारी लालीबाई अचानक वारल्या.

"पहिले तीस धुरकट आले. पुस्तक पाहून शटर, उजेड, सारं बदलत गेली. मंग एक असा आला का मीच हात जोडले! नागपूरच्या प्रदर्शनात पाठवणार होती. काल प्रिंट काढाले दारव्ह्यात अक्षयभाऊच्या स्टुडिओत कॅमेरा देल्ला, तं म्हणे आत काहीच नाही. तिचा दुसरा फोटोच नाही हो घरात."

"रविवारी अजून किती फोटोंची जागा दिसत होती?" अश्वजित यांनी विचारलं.

"दोन हजाराच्या वर."

अश्वजित यांनी कॅमेरा चालू केला. 'एकही फोटो नाही.' कोपऱ्यात आकडा होता १८०.

"फोटो पुसले तं जागा वाढाले पाहिजे. कमी कशी झाली?"

"बॅटरी उतरली असंल," घनश्याम म्हणाले.

अश्वजित यांनी झाकण उघडलं. कॅमेऱ्याच्या कार्डाएवढ्या चौकोनी खोळीत नखाएवढं मेमरी कार्ड होतं. "हे तुमी कधी काढलतं?"

"कधीच नाही. दुकानदारानंच बसवून देल्लं."

दारव्ह्यात अक्षयने स्टुडिओतला खण उघडून दाखवला. कॅमेऱ्याच्या मोठ्या, बिनखोळीच्या कार्डांनी भरलेला. "असा फोटो भेटला असता तं दुकानात लावला असता, साहेब. पुसू कायले?"

तांड्यावर लालीबाईंचा मुलगा रामसिंग अंगणात बसला होता. शेजारीण म्हणाली, "रामसिंग, आईचे गाणे लाव ना, आपल्या याडीचे. रोज लावतो."

"मोबाईल बिघडला," तो म्हणाला. तेवढ्यात मोबाईल वाजला आणि तो व्यवस्थित बोलला.

फोन ठेवल्यावर अश्वजित त्याच्या शेजारी बाजेवर बसले.

"फोटो पुसलेच नाहीत. अख्खं कार्ड बदललं. आत मोबाईलचं लहान कार्ड आहे, अन् त्यात काहीतरी भरलेलं आहे, म्हणून जागा कमी. अक्षयपाशी कॅमेऱ्याचेच कार्ड खणभर आहेत. तो हे कायले टाकंल? तुमचा मोबाईल बोलते, पण गात नाही."

त्यांनी ते कार्ड घनश्याम यांच्या मोबाईलमध्ये घातलं. लालीबाईंचा आवाज अंगणभर झाला. शेजारणीने पदर तोंडाला लावला. घनश्याम लिहायचं विसरले.

रामसिंगची मान खाली गेली. "आईले परक्या लोकायनं पाह्याचं, अन् मले अजून फोटो दाखोलाच नाही. कॅमेऱ्यात कार्डच नाही असं दिसलं असतं तं लगेच समजलं असतं, म्हणून माहं कार्ड टाकलं." त्याने रुमालाच्या गाठीतून मोठं कार्ड काढलं.

"चुकलं माहं, भाऊ," निकिता म्हणाली. "पहिले तुलेच दाखवाले पाहिजे होतं."

तिने कार्ड लॅपटॉपमध्ये घालून तो फोटो उघडला. एकेक सुरकुती, गोंदणाचा एकेक ठिपका. निकिताने फोटो मोठा करत नेला, डोळ्यापर्यंत. बुबुळात दार होतं. दारात एक माणूस.

रामसिंग पडद्याजवळ सरकला.

"हा तं मी. तवा दारात उभा होतो." त्याने पडद्यावरच्या बुबुळाला बोट लावलं. "याडी कॅमेऱ्याकडं नाही, माह्याकडं पाहून राह्यली."