समोरचा फुटपाथ

त्या सकाळी पुस्तकांवरचं प्लास्टिक काढून मान वर केली आणि समोर पाहते तर काय — रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर एक माणूस पुस्तकं मांडत होता. जुनी पुस्तकं! माझाच धंदा, माझ्याच डोळ्यांदेखत!

"या, या! वाचलेली पुस्तकं, न वाचलेल्या माणसांसाठी!" तो खणखणीत ओरडला.

माझं दुकान म्हणजे शाळेच्या भिंतीलगत दोन सतरंज्या, एक लाकडी खोकं आणि हारीने लावलेली पुस्तकं. गिऱ्हाईक नसलं की खोक्यावर कागद ठेवून मी कथा लिहायचे. एक संग्रह छापूनही आला होता. त्यामुळे मान ताठ होती, आणि या आगंतुकापुढे ती वाकवायचा माझा मुळीच विचार नव्हता.

दुपारी एक निवृत्त मास्तर आले. त्यांना एक जाडजूड कादंबरी हवी होती, दोन भागांतली. माझ्याकडे पहिलाच भाग होता. दुसरा समोरच्याकडे. मी तरातरा रस्ता ओलांडला.

"दुसरा भाग द्या."

"तुम्ही पहिला द्या," तो म्हणाला.

"गोष्ट माझ्याकडे सुरू होते. तेव्हा मान माझा."

"पण लग्न माझ्याकडे लागतं, बाई. तुमच्या भागात नुसतीच भांडणं आहेत."

त्याच्या कपाळावर धुळीचा पट्टा होता, आणि डोळे... ते उगाचच हसत होते. मी नजर पुस्तकावर वळवली.

"तुमचं ठरेपर्यंत माझी दृष्टी जाईल!" मास्तर कावले. शेवटी त्यांनी दोघांकडून एकेक भाग घेतला आणि पुटपुटत निघून गेले.

पण तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं, तेही रस्त्याच्या दोन बाजूंनी. "लेखिकाबाई, शिवणकामाचं आहे का काही?" तो तिकडून विचारायचा. मी हात हलवला की गिऱ्हाईक इकडे यायचं. बुद्धिबळाची पुस्तकं विचारणाऱ्यांना मी तिकडे धाडायचे. मनात मी त्याला 'समोरचा' म्हणायचे. दिवसातून बऱ्याचदा म्हणायचे.

एकदा आभाळ भरून आलेलं असताना तो माझा कथासंग्रह घेऊन आला.

"वाचला. भाषा सुरेख आहे. पण..."

"पण काय?"

"तुमची माणसं प्रेमात पडली की नुसती खिडकीबाहेर बघत बसतात. तोंड उघडून बोलत कशी नाहीत?"

"सगळ्यांनाच गळा फाडून ओरडता येत नाही."

"ओरडू नये हो. पण सांगावं तरी!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या संध्याकाळी, हातातल्या कथेचं शेवटचं पान मी टराटरा फाडलं आणि नव्याने लिहिलं. आधीपेक्षा चांगलं झालं. हे मात्र त्याला सांगितलं नाही.

मग माझ्या बाजूला खोदकाम निघालं. पाण्याचे पाइप टाकायचे होते. भिंतीलगतचा सगळा फुटपाथ उखडणार होता. दुसऱ्याच दिवशी दादा टेम्पो घेऊन हजर. दादाचं मालवाहतुकीचं ऑफिस आहे, आणि तिथे एक खुर्ची माझ्या नावाने कधीची रिकामी आहे.

"झाला तेवढा हट्ट पुरे," तो म्हणाला. "चल. बिलं करायला माणूस हवाच आहे. पंख्याखाली बस आणि काय लिहायचं ते लिही."

दादाची माया खोटी नव्हती. पण मी स्वतःला ओळखून होते. पंख्याखाली बिलं झाली असती, कथा नाही. आणि... मी समोर पाहिलं. तो उभा होता, हातात सुतळी धरून. त्या दिवशी तो एकदाही ओरडला नव्हता.

"दादा, आलाच आहेस तर खोकं उचलू लाग."

"कुठे ठेवायचं? टेम्पोत?"

"समोर."

दादाने समोर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कोण आहे तो?"

"समोरचा."

"ते दिसतंय मला!" दादा करवादला. पण खोकं त्यानेच उचललं.

आणि त्याने — समोरच्याने — काही न विचारता आपले गठ्ठे उन्हात सरकवले आणि सावलीची बाजू मला मोकळी करून दिली.

मग एकाच फुटपाथवरचे दिवस. सर आली की एकाच प्लास्टिकची दोन टोकं धरून दोघं उभे. त्याचा कोपर लागून माझी ओळ वाकडी जायची. "सॉरी," तो म्हणायचा आणि तसूभरही सरकायचा नाही. मीही सरकत नव्हते.

एका दुपारी मजुरांनी शेवटची फरशी ठोकून बसवली. माझी जुनी जागा नवी कोरी होऊन चमकत होती.

"झालं काम," तो तिकडे बघत म्हणाला. "आता जाणार तुम्ही..."

मी पेन खाली ठेवलं.

"नाही जाणार. मला तू आवडतोस. खूप. आता तू बोल."

सबंध रस्त्याला ऐकू जाईल असा आवाज असलेला माणूस — नुसता ओठ हलवत राहिला. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"मी... म्हणजे, मला पहिल्यांदा चौकात जागा मिळत होती. झाडाखाली, बसस्टॉपला लागून."

"मग इथे उन्हात कशाला आलास?"

"बघायला म्हणून आलो होतो. तू खोक्यावर वाकून काहीतरी लिहीत होतीस. लिहिता लिहिता स्वतःशीच हसलीस... मग चौकात गेलोच नाही."

मी नुसता हात पुढे केला. त्याने तो धरला, जपून — पान सुटेल अशा पुस्तकासारखा.

"ताई, हे केवढ्याला?" एक बाई विचारत होत्या.

"थोड्या वेळाने या," त्याच्यावरची नजर न काढता मी म्हणाले. "दुकान बंद आहे."

आणि आमच्याभोवती, भर उन्हात, सगळं दुकान उघडं पसरलेलं होतं.