दादा, मला मोजलंस?

"दादा, मला मोजलंस?"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सात वर्षांची होते.

बंद खिडकीच्या पलीकडून आला होता. तरुण, पण दमलेला. खूप लांबून पोहत आलेल्या माणसाचा असावा तसा.

मी खिडकी उघडली. बाहेर पांढरं ऊन आणि रिकामी पायवाट... बस्स.

बाबांना जाऊन सांगितलं. बाबांनी मला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिली आणि शेवटची. मग मलाच उराशी धरून इतके रडले की मी माझं रडू विसरले.

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटू द्यावं. मी कानांनी जे ऐकलं आणि कपाळावरून जे पुसलं, तेवढंच लिहिते.

तो आवाज पुन्हा ऐकला तो माझं लग्न झाल्यावर, सन अठराशे पन्नासच्या जून महिन्यात, मृतांच्या शनिवारच्या आदल्या दिवशी. ग्रीसच्या सीरोस बेटावर, आम्हा प्सारा बेटाहून आलेल्या निर्वासितांच्या आळीत. रात्र नव्हती. भर दुपार होती. आमच्या बेटांवर दुपारी दार उघडं टाकून कुणी निजत नाही, ते उगाच नाही.

माझे बाबा, झान्नीस, आगीच्या जहाजांचे कप्तान होते. तुर्की सुलतानाविरुद्ध उठाव झाला तेव्हा स्वतःचं व्यापाराचं गलबत त्यांनी दिलं... जाळायला. डांबर, गंधक आणि काटक्या भरायच्या, अंधारात जाऊन सुलतानाच्या जहाजाला आकड्यांनी अडकवायचं, वात लावायची आणि मागे बांधलेल्या होडीत उड्या टाकून पळायचं. होडीच्या वल्ह्यांना मेंढीचं कातडं गुंडाळलेलं. बोलायचं नाही. दिवा नाही. म्हणून कप्तान हातानं एकेकाचं डोकं चाचपून माणसं मोजायचा, शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा, आणि आकडा पुटपुटायचा. आकडा पुरा झाला की वल्ही पाण्यात.

पुढे आमचं बेटच बेचिराख झालं. मग बाबा जमिनीवर लढले, मांडीत गोळी घेऊन परतले. सरकारनं चांदीचं पदक दिलं. ते पेटीत तळाशी, जुन्या मोज्यात गुंडाळून पडलेलं असायचं. कधी छातीवर लावलं नाही.

पण मोजायची सवय गेली नाही.

जेवायला बसलं की आधी सगळ्यांच्या डोक्यांना बोटं लावायची. आणि दर वेळी आकडा एकानं जास्त यायचा. ते पुन्हा मोजायचे. मग कपाळावर आठी घालून जेवायचे.

"सासरेबुवा, मी दोघांचं खातो म्हणून मला दोनदा मोजता का?" माझा नवरा लेमोनीस म्हणायचा. तो गोदीत जहाजांच्या फटी बुजवायचा, आणि त्याचं तोंड मात्र कायम उघडं.

"तुझं डोकं रिकामं आहे. ते धरतच नाही मी," बाबा म्हणायचे.

आम्ही हसायचो. काकू हसायची नाही.

अनेझिना काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची, कानेलोसची बायको. लग्नाला सात महिने झाले होते तेव्हा काका बाबांबरोबर आगीच्या जहाजावर गेले. जहाज पेटलं, शत्रूचं जळालं. होडी परतली ती काकांशिवाय.

बाबांनी सांगितलं होतं, "होडीत होता. मी मोजला होता. पुढे स्फोटाची लाट आली, त्यात पडला. पोहणारा आहे. कुणीतरी पकडून नेला असेल."

त्या होडीतले बाकीचे पुढे एकेक करून लढाईत गेले. विचारायला कुणी उरलं नाही.

काकूनं सव्वीस वर्षं वाट पाहिली. अलेक्झांड्रियाहून गलबत आलं की धक्क्यावर जाऊन उभी राहायची. सुटून आलेल्या कैद्यांचे चेहरे पाहायची. एका दोरखंडवाल्यानं मागणी घातली होती. ती म्हणाली, "मला नवरा आहे." तेवढंच. दार लावून घेतलं.

मृतांच्या शनिवारी प्रत्येक घर पाद्र्याकडे दोन कागद देतं. एकावर जिवंतांची नावं, एकावर गेलेल्यांची. आमच्या घरचे कागद मीच लिहायची. काका दरवर्षी जिवंतांच्या कागदावर. माझ्या नावाच्या वर.

त्या वर्षी काकूला थुंकीतून रक्त पडायला लागलं होतं. आपल्याला पुढचा शनिवार दिसणार नाही, हे तिला कळलं होतं.

सकाळपासून ती मृतांच्या नावानं उकडून वाटायचे गहू निवडत बसली होती. हलक्या आवाजात गात होती...

*गहू निवडता निवडता खडा लागला बोटाला*
*सांग रे वाऱ्या, माझा धनी कुठल्या बेटाला*

दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. मसूर, कांदा, ऑलिव्ह, पाव. बाहेर उन्हात किडे झाडाझाडातून किरकिरत होते.

काकू म्हणाली, "भावोजी, एक विचारू?"

"जेव आधी."

"सव्वीस वर्षं जेवतेच आहे. उद्या ह्यांचं नाव कुठल्या कागदावर लिहायला सांगू? मी चुकीच्या कागदावर लिहवून घेत आले असेन, तर ह्यांच्या नावाचा एक घास गहूसुद्धा आजवर कुणी वाटलेला नाही. उपाशी असतील हो."

बाबांनी पाव खाली ठेवला. सवयीनं हात वर केला आणि मोजू लागले.

लेमोनीसच्या डोक्यावर बोटं. "एक."

काकूच्या डोईच्या रुमालावर. "दोन."

आणि तेवढ्यात... बाहेरचे किडे थांबले.

एकदम. सगळे. जसं कुणी तोंडावर हात ठेवला.

बाबांचा हात काकूच्या शेजारी गेला. तिथे बाकावर कुणीच नव्हतं. हात मात्र हवेत थांबला... बरोबर बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर.

"तीन," बाबा म्हणाले.

मग माझ्या कपाळाला बोटं लागली. गरम होती.

"चार."

शेवटी स्वतःच्या छातीवर.

"पाच."

लेमोनीसनं थट्टेसाठी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तो माझ्या कपाळाकडे बघत होता.

मी हात लावला. बोटं काळी झाली.

काजळी.

बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावरही चार बोटं उमटली होती. आणि वास... गंधकाचा. आमच्या घरात गंधक नव्हतं. कधीच नव्हतं.

ते कपाळ मी कितीदा धुतलं असेल. आजही घरात कुणी "किती पानं मांडू?" विचारलं, तर मी आकडा सांगत नाही. "सगळ्यांची मांड," म्हणते. मोजायची भीती वाटते. आकडा जास्त आला तर... आणि आता कधी कमी आला तर?

पण त्या दुपारचं सांगत होते.

खिडकी बंदच होती. तिच्या पलीकडून, अगदी जवळून आवाज आला.

"दादा, मला मोजलंस?"

तोच. सात वर्षांची असताना ऐकलेला. एका दिवसानंही म्हातारा न झालेला.

काकूच्या हातातला पाव खाली पडला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लाज होती, नव्या नवरीसारखी. तिनं विस्कटलेले पांढरे केस घाईघाईनं रुमालाखाली सारले.

"ह्यांचा आवाज," ती म्हणाली.

मग बाबांकडे वळली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मारुसो, कागद घे."

"कुठला, काकू?"

"ते भावोजी सांगतील."

बाबा सदऱ्यावरच्या बोटांकडे बघत होते. मग इतक्या हळू बोलले, की त्या शांततेतसुद्धा आम्हाला पुढे झुकावं लागलं.

"वात विझली होती, अनेझिना. कुणीतरी परत वर चढायला हवं होतं. कप्तान मी. मीच जायचं. तो म्हणाला, 'दादा, तुझी पोर लहान आहे. मी जातो.'"

ती पोर म्हणजे मी.

"त्यानं वात लावली. जहाज पेटलं. निघालो बारा जण होतो. मी डोकी चाचपली. अकरा. पुन्हा चाचपली. अकरा. तो वर कठड्याशी आला होता, धुरात. मला दिसत होता. ओरडला, 'दादा, मला मोजलंस?' आग शिडाला लागली होती. आणखी दहा श्वास थांबलो असतो तर... तर सगळेच गेलो असतो. किंवा नसतो गेलो. मला माहीत नाही. वल्ही हवेत धरून सगळे माझ्या आकड्याची वाट बघत होते."

बाबांनी काकूच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"आणि मी म्हणालो... बारा."