‘येतो’चा उत्तरकाळ

भुईकोट किल्ल्यापलीकडच्या माळावर बालवाणी प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा नगरकरांना वाटलं होतं की तिथे लहान मुलांना गाणी शिकवणार. प्रत्यक्षात तिथे मोठी माणसं लहान मुलांकडून शिकत होती, आणि ते त्यांना फारसं जमत नव्हतं.

डिसेंबर लागला त्या आठवड्यात प्रयोगशाळेत एक वाद चालला होता. ध्वनितज्ज्ञ शुलमिथ पाटोळेला ‘अर्थवेधी’ यंत्र घरी न्यायचं होतं. प्रमुख डॉ. सुलभा टिळेकर ‘नाही’ म्हणत होत्या.

“घरी न्यायला तो काय मिक्सर आहे? अजून एकाही घरात चाचणी झालेली नाही.”

“मग माझ्या घरी करा, मॅडम. आमची हन्ना पावणेदोन वर्षांची आहे. तुम्हाला हवं तेच वय. यंत्राचे कान मी केलेत, पण डोकं तुमचं आहे. ते अर्थ नेमका कसा काढतं, एकदा नीट सांगा.”

समजावून सांगायची संधी दिली की डॉ. टिळेकरांचा राग निम्मा होतो, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

“समज, तू परक्या मुलखात उतरलीस. कुणीतरी ‘टुक’ म्हणालं आणि पाणी आलं. पुन्हा ‘टुक’, पुन्हा पाणी. टुक म्हणजे काय?”

“पाणी. किंवा पाणी आण. किंवा पाणी आणणाऱ्या बाईचं नाव.”

“बरोबर. पुष्कळदा ऐकलंस की यातलं एकच उरतं. शब्दाचा अर्थ म्हणजे त्या शब्दानंतर काय घडतं ते. मूल असंच शिकतं, त्याच्याकडे कुठे शब्दकोश असतो? अर्थवेधी मुलाच्या कानांनी ऐकतं आणि मग थोडा वेळ थांबून काय होतं ते बघतं. त्या थांबण्याला मी उत्तरकाळ म्हणते. हन्नाच्या वयाला तो दोन-तीन मिनिटांचा असतो. त्यानंतर जे घडतं, त्याचा तिच्या लेखी त्या शब्दाशी संबंध नाही.” त्यांनी चष्मा काढला. “आता खरं सांग. यंत्र कशाला हवंय?”

शुलमिथने सांगितलं. तिचा नवरा योएल चांद्रतळावर पाण्याची यंत्रणा सांभाळायचा. सहा महिने वर, मग थोडे दिवस घरी. नाताळला तो यायचा होता. पण घरात कुणी नुसतं “बाबा येतोय हं!” म्हटलं, की हन्ना भोकाड पसरायची. योएलने ते चित्रसंवादात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कालच तो म्हणाला, “लेकीला रडवायला कशाला उतरू? माझी यानातली जागा दुसऱ्या कुणाला तरी देतो. त्यांचीही पोरं वाट बघतायत.” रविवारपर्यंत त्याला तळावर कळवायचं होतं.

डॉ. टिळेकर उठल्या आणि यंत्राची पेटी स्वतः शुलमिथच्या गाडीत ठेवून आल्या.

ख्रिस्त गल्लीतल्या पाटोळ्यांच्या घरात तेव्हा नाताळची धांदल होती. दारावर कागदी चांदणी लागली होती, स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण परतलं जात होतं. बैठकीतल्या गव्हाणीच्या देखाव्यातल्या मेंढ्या हन्ना एकेक करून पळवत होती. तिची आजी मार्थाबाई मेंढी तिच्या तोंडातून काढून घ्यायची आणि म्हणायची, “जा, लबाड कुठली!” आणि मग तिला उचलून तिचे इतके मुके घ्यायची की हन्ना लगेच दुसऱ्या मेंढीकडे वळायची.

शुलमिथने भिंतीवर यंत्राचे कान-डोळे बसवले आणि पडदा कपाटावर ठेवला. शनिवारी तिने त्याला एकच शब्द विचारला. पडद्यावर उत्तर उमटलं:

*येतो, येते : निघून जाणे. दिसेनासे होणे.*

यंत्र बिघडलं, असं तिला आधी वाटलं. तेवढ्यात समोरच्या सरोजबाई भिंगारदिवे रिकामी वाटी परत द्यायला आल्या, दोन शब्द बोलल्या आणि “बरंय, येते मी!” म्हणून चालू लागल्या. हन्नाने ओठ काढला. शुलमिथ मटकन खुर्चीत बसली आणि हसत सुटली.

यंत्र अगदी शहाण्यासारखं वागलं होतं. “जातो” म्हणायचं नाही, “येतो” म्हणायचं, हा मार्थाबाईंचा कडक नियम होता. त्यांनी उभ्या जन्मात दारात कुणाला “जा” म्हटलं नव्हतं. त्यामुळे या घरातून बाहेर पडणारा जो तो “येतो” म्हणून नाहीसा व्हायचा. शुलमिथ रोज सकाळी “येते हं, पिल्लू” म्हणूनच प्रयोगशाळेत जायची. आणि आलेलं माणूस दारात उभं राहून “येतो” म्हणेल कशाला? ते आलेलंच असतं.

तिने लगेच चांद्रतळाशी संपर्क साधला. योएलला समजायला जरा वेळ लागला.

“म्हणजे रोज बोलणं संपवताना मी ‘येतो हं, हन्नू’ म्हणतो...”

“आणि पडदा काळा होतो.”

“आणि तुम्ही तिला दिवसभर सांगताय...”

“की बाबा चालला, बाबा चालला. कायमचा चालला.”

योएलने तोंडावरून हात फिरवला. त्याचे डोळे भरले होते, आणि हसूही येत होतं. “जागा कुणाला देत नाही मी,” तो म्हणाला. “शुला, मी येतो!”

मागे हन्नाने टाहो फोडला.

नाताळच्या आदल्या दिवशी योएल घरी पोहोचला. सहा महिने हलक्या गुरुत्वात काढल्यामुळे त्याचे पाय पृथ्वीवर नीट टेकत नव्हते. तो हन्नासारखाच दोन्ही हात पसरून, डुलत डुलत अंगणातून चालत आला. डॉक्टरांनी काही दिवस वजन उचलायला मनाई केली होती, आणि हन्ना चांगलीच वजनदार होती.

सगळ्यांनी काळजी घेतली. “येतो” कुणीही म्हटलं नाही. योएल उंबरठ्यावर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “हन्नू.”

हन्ना आजीच्या पदराआड होती. तिने एक डोळा बाहेर काढला. पडद्यातला माणूस पडद्याबाहेर उभा असलेला पाहिला. आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, “जा!”

योएलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो एक पाऊल मागे सरकला.

“जा! जा!”

तो आणखी मागे झाला. पायरीवर तोल गेला, तसा दाराची चौकट धरून उभा राहिला. “असू दे,” तो शुलमिथला म्हणाला. “घाबरली असेल. मी बाहेर थांबतो थोडा वेळ.” पण त्याचा आवाज असू देण्याचा नव्हता. इतका लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला पोटच्या पोरीने दारातूनच घालवून दिलं होतं.

तो जसा मागे जाई तशी हन्ना जास्तच ओरडू लागली. शेवटी ती जमिनीवर बसून पाय आपटायला लागली. “जा! जाऽऽ!”

मार्थाबाई धावल्या. “अगं बये, बाबा आहे तो! असं म्हणतात का?”

शुलमिथ मात्र पडद्याकडे धावली. इतके दिवस यंत्र घरात होतं, पण “जा” या शब्दाचा अर्थ त्याला कुणी विचारलाच नव्हता. तो काय, सगळ्यांना माहीत होता. तिने आता विचारला.

*जा : उचलून घे. मुका दे.*

“योएल, बस!” ती ओरडली. “खाली बस! ती बोलावतेय तुला!”

“काय?”

“आईंमुळे! आई दिवसभर ‘जा लबाड, जा लबाड’ म्हणतात आणि कडेवर घेतात तिला!”

योएल होता तिथेच, पायरीवर, फतकल मारून बसला. हन्ना रडायची थांबली. उठली, डुलत डुलत त्याच्याकडे आली, आणि कुणी उचलायची वाट न बघता स्वतःच त्याच्या मांडीवर चढली. तिच्या मुठीत एक मेंढी होती. ती तिने त्याच्या तोंडात घातली.

“मी आपलं लाडानं म्हणते,” मार्थाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “मला काय ठाऊक, पोरगी शब्द धरून बसेल.”

त्या नाताळात पाटोळ्यांच्या घरात एक नवा कायदा झाला. तो शुलमिथने शास्त्र म्हणून मांडला आणि बाकीच्यांनी खेळ म्हणून पाळला. शब्दानंतर जे घडतं तो अर्थ. मग “येतो”नंतर माणूस परत आला पाहिजे, आणि तोही हन्नाच्या उत्तरकाळाच्या आत.

योएल “येतो हं” म्हणून फाटकापर्यंत जाई आणि परत येई. शुलमिथ “येते” म्हणून मोरीत जाई आणि बादली घेऊन परत येई. हन्ना पहिल्यांदा रडली, मग बुचकळ्यात पडली, मग टाळ्या वाजवू लागली.

पाहुण्यांची मात्र पंचाईत झाली. नाताळच्या संध्याकाळी गल्लीतली तरुण मंडळी पेटी-ढोलकी घेऊन गाणी म्हणायला आली. गाऊन झालं, फराळ झाला, आणि सगळी एका सुरात “येतो हं, मावशी!” म्हणून बाहेर पडली. हन्नाचा चेहरा वाकडा झाला. शुलमिथ तशीच अनवाणी गल्लीत धावली.

“थांबा! सगळे परत या!”

“काय झालं, ताई? सूर चुकला का?” पेटीवाल्याने विचारलं.

“सूर नाही, शब्द चुकला.”

सगळे निमूट परत आले. पुन्हा एकदा करंज्या खाव्या लागल्या, त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

“मग आता जाताना काय म्हणायचं?”

“काही नाही. गुपचूप सटका.”

दुसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. पाळकसाहेब भेटायला आले, निघाले, परत आले, आणि परत आलोच आहोत तर म्हणून आणखी एक प्रार्थना करून गेले. सरोजबाई तर दोनदा आल्याशिवाय गेल्याच नाहीत. अनारसे फार छान झाले होते.

नवीन वर्ष लागलं तेव्हा पडद्यावर उमटलं: *येतो : दारापलीकडे जाऊन परत येणे.*

डॉ. टिळेकर मुद्दाम ते बघायला आल्या. मार्थाबाईंनी त्यांच्यापुढे फराळाचं ताट ठेवलं.

“मॅडम, माझ्या हातून काहीतरी चुकलंय,” शुलमिथ म्हणाली. “मी शब्द दुरुस्त केला नाही, मी तिला वचन दिलंय. ‘येतो’ म्हणजे दोन मिनिटांत परत. आणि परवा योएल चाललाय. सहा महिन्यांसाठी. आधी ती नुसती रडायची. आता वाट बघेल आणि मग रडेल.”

डॉ. टिळेकरांनी हातातली चकली खाली ठेवली. “यंत्रातला उत्तरकाळ मी ठरवत नाही, मुलावरून मोजते. तो वाढतो, एवढं मला माहीत आहे. कुणी परत येत राहिलं, की मूल पुढच्या वेळी थोडं जास्त थांबतं. पण परवापर्यंत किती वाढेल, ते नाही सांगता येणार.”

“आमचे मालक रेल्वेत गार्ड होते,” मार्थाबाई मध्येच म्हणाल्या. “‘येतो’ म्हणायचे आणि चार-चार दिवस पत्ता नसायचा. मी काय रडत बसायचे?”

“नाही बसायचात?” डॉ. टिळेकरांनी विचारलं.

“पहिल्या वर्षी बसायचे,” मार्थाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

निघायच्या सकाळी गाडी फाटकाशी उभी होती. योएलचे पाय आता भक्कम झाले होते, आणि हन्ना त्याच्या कडेवर होती. तिला खाली ठेवताना त्याने शुलमिथकडे पाहिलं. “काही न बोलता जाऊ का? म्हणजे शब्द तरी शाबूत राहील.”

शास्त्राप्रमाणे तेच बरोबर होतं. शुलमिथ हो म्हणणार होती.

“न सांगता चोर जातात,” मार्थाबाई म्हणाल्या. “माझ्या घरातून माणूस सांगून निघतो.”

योएल वाकला. हन्नाच्या कपाळावर ओठ टेकवून म्हणाला, “येतो हं, हन्नू.” गाडीत बसला. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

हन्नाने टाळ्या वाजवल्या आणि ती पायरीवर बसली. शुलमिथला ते बघवेना. ती आत जाऊन पडद्यासमोर उभी राहिली. दोन मिनिटं गेली, तीन गेली. आता कोणत्याही क्षणी जुना अर्थ परत येणार होता: *निघून जाणे.* आठ-दहा दिवसांची मेहनत आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या करंज्या वाया जाणार होत्या. आणखी बराच वेळ गेला. मग अक्षरं हलली.

*येतो : अर्थ ठरलेला नाही. मूल अजून थांबले आहे. उत्तरकाळ चालू.*

असं वाक्य त्या यंत्राने आजवर कधी दाखवलं नव्हतं. शुलमिथने ते दोनदा वाचलं. तिला रडू आलं, आणि ते तिने येऊ दिलं.

बाहेरून आरडाओरडा ऐकू आला, तशी ती डोळे पुसत दारात आली. हन्ना फाटकाच्या गजांना धरून उभी होती आणि रिकाम्या गल्लीकडे बघून, न रडता, अगदी खुशीत ओरडत होती, “जा! जा!” आणि तिच्या शेजारी, पदर खोचून, उभ्या जन्मात दारात तो शब्द न उच्चारलेल्या मार्थाबाई तिच्याहून मोठ्याने ओरडत होत्या, “जा रे बाबा, जा! लवकर जा!”

समोरच्या सरोजबाई घाईघाईने बाहेर आल्या. “अहो मार्थाबाई, सकाळी सकाळी कुणाला हाकलताय?”

“हाकलतेय कुठे?” मार्थाबाई म्हणाल्या. “बोलावतेय.”