पंपाला वेळ कुणी सांगितली?

"मी मारलं नाही त्यांना," परिचारिका दारातूनच म्हणाली. "पण अख्खं हॉस्पिटल तेच म्हणतंय."

तपासनीस बाईंनी तिला बसवलं. शेजारी त्यांचे दीर होते. मदतीला तत्पर, समजायला जरा सावकाश.

शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपाचा वेग एकाएकी वाढला आणि एक वृद्ध पेशंट दगावले. परिचारिकेने चुकीचं बटण दाबलं, असं सांगून संचालकांनी तिला घरी बसवलं होतं.

तिघं वॉर्डात पोचली. मृताची मुलगी सामान न्यायला आली होती.

"हिला आधी बाहेर काढा!" ती कडाडली.

"काढते. आधी सांगा, पंप तेव्हा वाजला होता?"

"नाही. मी उशाशीच होते. एसी गळत होता, म्हणून त्याच सकाळी बाबांना या रिकाम्या खाटेवर हलवून इथलाच पंप लावला होता."

हॉस्पिटलच्या संगणक अभियंत्याने कपाटातून तो पंप काढला. बाईंनी तो सुरू करून बटण दाबलं. टूं! आवाज वॉर्डभर गेला. पडद्यावर घड्याळात नुसती शून्यं होती. पाहता पाहता तिथे अचूक वेळ उमटली.

"शहाणा आहे, आपलं घड्याळ आपणच लावतो," दीर म्हणाले.

"पंपांना लांबून हुकूम कुठून देता येतो?" बाईंनी विचारलं.

"माझ्या खोलीतून आणि साहेबांच्या केबिनमधून," अभियंता म्हणाला. "केबिनमधली सोय बंद करा म्हणून मी घसा कोरडा केला. तिथल्या पडद्यावर खाटांची माहितीसुद्धा संध्याकाळीच बदलते."

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

उत्तर मुलीने दिलं. "इथेच, शिडीवर. कॅमेऱ्याची वायर जोडत होते. यांनीच डॉक्टरांना बोलावलं."

"खोलीला कुलूप होतं. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात," तो म्हणाला.

सगळे संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

"तो पंप मी कधीच नेटवर्कवरून तोडायला लावलाय," संचालक गुरगुरले. "आणि मी पाहुण्यांना नवी यंत्रणा दाखवत होतो. परिचारिकेचा हलगर्जीपणा आहे, दुसरं काय!"

"तोडलेल्या पंपाला वेळ कुणी सांगितली?" बाईंचा आवाज चढला. "वेळ त्याला नेटवर्कवरूनच मिळाली, म्हणजे तो आजही जोडलेला आहे. बटण दाबलं असतं तर आवाज झाला असता. म्हणजे हुकूम लांबून आला. अभियंता शिडीवर होता, त्याची खोली बंद. उरली ही केबिन."

"पण साहेब पेशंटला कशाला मारतील, वहिनी?" दीर गोंधळले.

"मारायचं नव्हतंच, भाऊजी. मिरवायचं होतं! 'बघा, इथे बसून पंप चालवतो.' पडद्यावर खाट रिकामी दिसत होती. पेशंट सकाळीच तिथे आले, हे पडद्याला संध्याकाळी कळणार होतं. वॉर्डात जाऊन बघायची तसदी यांनी घेतली नाही. माणूस गेल्यावर सगळं कळलं, तरी हिच्या माथी मारलं. पाहुणे सांगतीलच काय पाहिलं ते."

संचालकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, तिथे कुणी नाही..."

"माझे बाबा होते!" मुलगी किंचाळली. मग परिचारिकेकडे वळली. "आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

परिचारिकेने तिचा हात धरला.

संचालकांनी खुर्ची पुढे सरकवली. "ताई, आपण शांतपणे बसून बोलू."

"बसायचं नाही," मुलगी म्हणाली. "उभ्या उभ्या बोलायचं. पोलिसांसमोर."