दुसरा ठोका

झेल्ब गावात आम्ही पिढ्यानपिढ्या कपबशा केल्या, आता खुब्यात बसवायचे सिरॅमिकचे गोळे करतो. तपासणीच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं आहे आणि माझ्या हातून पास झालेला एकही गोळा आजवर फुटलेला नाही. हे मी मिरवते. कोणाला राग आला तर येवो.

मशीन प्रत्येक गोळा तपासतं. मग मी तो लाकडी दांडीने वाजवते, जुने लोक कप वाजवून बघायचे तसा. नाद ऐकायचा आणि टेबलावर ठोका द्यायचा. दोन ठोके म्हणजे पास, एक म्हणजे हातोडीखाली. हे क्यूस्पर्टमास्तरांनी शिकवलं. ते फेब्रुवारीत वारले. शेजारचं त्यांचं स्टूल अजून रिकामं आहे.

मार्चमध्ये माझ्या नवऱ्याच्या, अल्फोन्सच्या खुब्यातला गोळा फुटला. तो दुसऱ्या कारखान्याचा होता, आधीच सांगून ठेवते. डॉक्टर म्हणाले, कितीही वेचले तरी बारीक कण आत राहतात आणि धातूच्या गोळ्याला ओरबाडतात. पुन्हा सिरॅमिकच हवा, मांडीच्या हाडात आधीच बसवलेल्या जुन्या दांड्यावर टायटॅनियमची टोपी चढवून.

त्या रुग्णालयाला माल आमचाच जातो. गोळा मीच निवडला. गुलाबी, गुळगुळीत. वाजवला तर नाद लांब आणि स्वच्छ. मी दोन ठोके दिले.

रिकाम्या स्टुलाकडून एक ठोका आला.

आमची पाळीप्रमुख हाईड्रुन शेजारीच उभी होती. "तीन कसे गं?"

"पाइप वाजला असेल."

पुन्हा वाजवला. माझे दोन. तिकडून एक. खिळ्याला टांगलेली मास्तरांची दांडी हलत होती. खिडक्या बंद होत्या.

"रोझविता, फोड बाई तो. एका गोळ्याने काय बिघडतंय?"

"मशीन पास म्हणतंय, माझा कान पास म्हणतोय. मास्तरांना शेवटी शेवटी कमीच ऐकू यायचं."

मी डबी बंद केली.

तीन महिन्यांत अल्फोन्स काठीशिवाय चालायला लागला. बाजारात मी मुद्दाम पाऊलभर मागे राहायचे.

"बघतेस काय?"

"माझं काम बघतेय."

काल रविवार. भाजलेलं डुक्कर, बटाट्याचे उंडे. तो खुर्चीत अगदी स्वस्थ बसला होता.

टक्.

"टेबल कशाला वाजवतेस?" त्याने विचारलं.

माझ्या दोन्ही हातांत भांडं होतं. आवाज त्याच्या खुब्यातून आला होता.

मी दुसऱ्या ठोक्याची वाट पाहिली. तो आला नाही.

"थांब, मीठ मीच आणतो," म्हणत अल्फोन्सने खुर्ची मागे सारली.